नाकात भोक असलेले कोंबडे

होल्मडाल, साउथ डकोटा
२३ ऑक्टोबर १९९५

नॉरिस,

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. गेल्या वेळी माझं बोलणं मध्येच तोडून तू कुणा गिऱ्हाइकाला "एक मिनिट हं" म्हणालास आणि मी रिसीव्हर कानाला लावून स्वयंपाकघरात ताटकळत उभी राहिले. कागदावर मला कुणी मध्येच तोडत नाही.

शनिवारी फेझंट कोंबड्यांच्या शिकारीचा मोसम उघडला. तू आला नाहीस, तुला काम होतं. बाबा गेल्यापासूनचं हे तुझं तिसरं काम. मी, वेंडेल सिव्हर्सन, त्याचा मेहुणा आर्लो आणि माझी टिली. कुत्रीला धरून चौघं. बाराच्या ठोक्याला ज्वारीच्या पट्ट्यातून निघालो.

पहिलाच कोंबडा उडाला नाही. टिलीच्या पुढे पुढे चालत राहिला. वेंडेल म्हणाला, "हा फेझंट आहे की पाद्री? प्रवचन संपवून जेवायला निघालाय." टिलीनं तो जिवंत तोंडात धरून आणला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिची थट्टा करत होते. मी बंदूक खांद्याला लावलीच नव्हती.

नंतर पिकअपच्या मागच्या फळीवर पक्षी मांडले तेव्हा आमचं हसू मावळलं. शेपटाची पिसं झिजून झाडूसारखी झालेली. टाचेचा काटा बोथट. आणि नाकात भोक. मी एक कोंबडा उजेडाकडे धरला, तर एका नाकपुडीतून पलीकडचं आभाळ दिसलं. दोन नाकपुड्यांमधला पडदाच टोचलेला. निम्म्याहून जास्त पक्षी असे. जंगली पक्ष्याच्या नाकात भोक कुठून येणार? पिंजऱ्यात वाढवलेल्यांनी एकमेकांना टोचू नये म्हणून त्यांच्या डोळ्यांपुढे प्लास्टिकची झापडं लावतात, ती नाकातून खिळ्यानं अडकवतात. सोडताना झापड काढतात, भोक राहतं.

रस्त्यापलीकडे डेल बॉडिनचं शिकारीचं लॉज आहे. त्याचे पिंजरे आहेत. त्यानं त्याच्या जमिनीवर त्याच्या पाहुण्यांसाठी काय वाटेल ते सोडावं. पण आपल्या दलदलीत? बाबांनी लावलेल्या झाडांच्या रांगेत मला एक निळं पिंप सापडलं, खाली भोकं पाडलेलं, दाण्यानं भरलेलं. कुणीतरी तिथं आणून ठेवलंय. मी ते पायानं आडवं केलं.

तुला यातलं काही माहीत आहे का? अर्धी जमीन तुझी आहे म्हणून विचारते.

अर्डिस

*

मिनियापोलिस
२७ ऑक्टोबर

प्रिय अर्डिस,

तुझं पत्र वाचून कोरिन म्हणाली, तुझ्या बहिणीनं पोलिसात असायला हवं होतं.

हे बघ, पक्ष्यांत असे फरक असतातच. बाबांनी एकदा पांढऱ्या पंखांचा कोंबडा मारला होता, आठवतं? तो दिवाणखान्यात पेंढा भरून ठेवला होता आणि आईला त्याची भीती वाटायची. जंगलात सगळं एकसारखं नसतं. दोन-चार पक्षी बॉडिनच्या जाळीतून निसटले असतील. रस्ता ओलांडायला त्यांना परवाना लागत नाही. पिंपाचं म्हणशील तर आर्लोला विचार, हरणांसाठी त्यानं कुठं कुठं काय ठेवलेलं असतं त्याचं त्यालाच माहीत नसतं.

मला या मोसमात यायला जमेलसं वाटत नाही. ऑफिसात माणसं बदलताहेत, नवे साहेब आलेत, गॅरिटी म्हणून. सगळ्यांना तोलून बघताहेत. तेवढं सोडलं तर मजेत.

एक सुचवतो. पुढच्या महिन्याच्या मध्यापर्यंत दलदलीत कुणी बंदूक घेऊन जाऊ नये. पक्ष्यांना जरा उसंत मिळू दे. बाबाही मधे मधे असं करायचे.

चर्चच्या त्या मासळीच्या जेवणाची तयारी जोरात असेल. तो वास मला इथंसुद्धा येतो.

तुझा,
नॉरिस

*

होल्मडाल
१ नोव्हेंबर

नॉरिस,

बाबांनी असं कधीही केलं नाही. बाबा थंडीत दाणे टाकायला जायचे, मोसमात बंदूक घेऊनच जायचे. जे तुला आठवत नाही ते त्यांच्या नावावर खपवू नकोस.

आर्लोला विचारलं. पिंप त्याचं नाही. त्याला माझा रागही आला.

आता हसू येणार नाही असं सांगते. सोमवारी टिलीनं पाणकणसातून एक तरणा कोंबडा आणला. हाडांवर फक्त कातडी. नाकात भोक नाही, शेपूट अखंड, टाचेचा काटा टोकदार. म्हणजे आपला, आपल्याच दलदलीत अंड्यातून निघालेला. त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला होता, चेहरा एका बाजूला लिंबाएवढा फुगलेला, दुसऱ्या डोळ्यात फेस. चोच उघडी ठेवून श्वास घेत होता. मी त्याची मान पिरगळली आणि त्याला डॉक्टर हाइनरांकडे घेऊन गेले. ते गाईगुरांचे डॉक्टर, पण पक्ष्याकडे बराच वेळ बघत बसले. म्हणाले, "अर्डिस, हा पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा आजार दिसतो. दाटीवाटीनं वाढतात ना, त्यांना होतो. एका पिंपातून सगळे खायला लागले की पसरतो. जंगली पक्ष्यांना औषध कोण पाजणार?"

तिथून मी थेट बॉडिनकडे गेले. तो दारातच उभा राहिला, कॉफीसुद्धा विचारली नाही. मी म्हटलं, "तुझे पक्षी माझ्या दलदलीत कुणाच्या परवानगीनं आहेत?" तो हसला. म्हणाला, "आधी घरात विचारून बघा, बाई." मी विधवा, घरात कोण आहे माझ्या? कुत्रीला विचारू? माझ्या एकटेपणावर बोलला तो. असा अपमान माझा या गावात कुणी केलेला नाही.

तू विम्यातला माणूस. कायद्याच्या भाषेत पत्र कसं लिहायचं तुला कळतं. त्याला लिही. दोघांच्या सहीनं जाऊ दे. कडक लिही.

शनिवारी चर्चचं जेवण आहे, दिवसभर तळघरात मासळी उकळत असेन. रविवारपर्यंत तुझा कागद आला तर बरं.

अर्डिस

*

मिनियापोलिस
६ नोव्हेंबर

अर्डिस,

शनिवारी तू जे केलंस ते आपल्या घरात कधी कुणी केलं नव्हतं.

मी माणसं घेऊन आलो होतो. माझ्या स्वतःच्या जमिनीवर. अर्धी माझी आहे हे तूच गेल्या महिन्यात लिहिलंस. गॅरिटी साहेब, त्यांच्या ओळखीचे दोघं, आमच्या शाखेतले आणखी दोघं. सकाळ छान गेली होती. साहेबांनी मला "नॉरिस" म्हणून हाक मारली, पहिल्यांदाच. आणि तू त्या मळक्या एप्रनमध्ये, अंगाला मासळीचा वास, शेतातून धावत येतेस आणि पाच अनोळखी माणसांपुढे...

मी तुला सांगणार होतो. तुझ्याशी काही सांगता येत असतं तर आधीच सांगितलं असतं. आपली जमीन पूर्वीसारखी राहिलेली नाही. ऑगस्टमध्ये मी येऊन बघून गेलो, अख्ख्या दलदलीत दोन थवे दिसले. माणसांना इतक्या लांबून आणायचं आणि पाणकणसं दाखवायची? बॉडिन म्हणाला, थोडे पक्षी सोडू, आठवड्यात रुळतील, कुणाला कळणार नाही. त्यात कुणाचं काय गेलं?

आमच्या धंद्यात माणसाकडे काहीतरी लागतं, जे दुसऱ्याकडे नसतं. माझ्याकडे तेवढंच होतं. वडिलांची जमीन आणि जंगली फेझंट. ते तू सगळ्यांसमोर फाडून टाकलंस.

परतीच्या वाटेवर साहेब दुसऱ्या गाडीत जाऊन बसले. तुला कळायला हवं म्हणून लिहिलं.

नॉरिस

*

होल्मडाल
९ नोव्हेंबर

नॉरिस,

तू अर्धवट लिहिलंस, म्हणून पूर्ण मी लिहिते. नाहीतर काही वर्षांनी तू कोरिनला वेगळंच सांगशील आणि तुला स्वतःलाही ते खरं वाटायला लागेल.

मी तळघरात पातेल्यापाशी होते. वेंडेल खाली आला आणि म्हणाला, "तुमच्या दलदलीपाशी परगावच्या गाड्या उभ्या आहेत, बॉडिनचा माणूसही आहे." मी डाव बाजूला ठेवला आणि निघाले. एप्रन काढायचं भान राहिलं नाही, ते खरं. तू आला आहेस हे मला माहीत नव्हतं. बॉडिननं पाहुणे माझ्या जमिनीत घुसवलेत असं समजून मी आले होते. तू जेवणाचा दिवस मुद्दाम निवडलास. माझ्याच पत्रातून तो पक्का केलास की आधीपासून ठाऊक होता, ते तुझं तू बघ.

गाडीच्या बॉनेटवर पक्षी ओळीनं मांडले होते आणि एक टोपीवाला उंच माणूस त्यांच्यामागे उभा राहून फोटो काढून घेत होता. तो म्हणाला, "या बाई कोण?" मी म्हटलं, "ज्यांच्या जमिनीवर तुम्ही उभे आहात त्या." तो सभ्य माणूस निघाला. त्यानं टोपी काढली. म्हणाला, "फार सुंदर जमीन आहे. अस्सल जंगली पक्षी आजकाल मिळतात कुठे?"

तेव्हा मी गव्हाची काडी उचलली आणि त्याच्या हातातल्या कोंबड्याच्या एका नाकपुडीतून घालून दुसरीतून बाहेर काढली. त्याच्या डोळ्यांपुढे. दुसऱ्याच्या नाकातून घातली. तिसऱ्याच्या. "यांना कुणीतरी खुराड्यातून आणून इथं ठेवलंय," मी म्हटलं, "तुम्हाला खूश करायला. हे उडालेसुद्धा भीतीनं नाही, कुणीतरी हाकललं म्हणून."

तेवढ्यात तू दिसलास. बॉडिनच्या माणसाशेजारी, हातात कॉफी. तेव्हा मला बॉडिनचं बोलणं उमगलं. तो माझ्या एकटेपणावर बोललाच नव्हता. मी तिथंच थांबू शकत होते. थांबले नाही. चौथ्या पक्ष्याच्या नाकातूनही काडी घातली, तुझ्याकडे बघत. "ही माझी बहीण" एवढंही तू म्हणाला नाहीस. त्या टोपीवाल्यानं तुला विचारलं, "नॉरिस, यांना ओळखतोस?" आणि तू म्हणालास, "बघितलंय त्यांना."

बघितलंय त्यांना.

पक्ष्यांचं एक वेळ सोडून दिलं असतं, नॉरिस. आजारी पक्षी आणलेस हे तुला माहीत नसेल, ते धरू. मी तुझ्याकडून पत्र लिहून मागितलं तेव्हा तू गप्प बसलास, तेही धरू. पण त्या दोन शब्दांवर मी रोज रात्री डोकं ठेवते.

जमीन वाटून घ्यायची. दलदल एका बाजूला, रस्त्याकडचा पट्टा एका बाजूला. तुला कुठलं हवं ते सांग. यापुढे तुझं माझं काहीही सामाईक नको.

अर्डिस

*

मिनियापोलिस
१७ जानेवारी १९९६

अर्डिस,

नोव्हेंबरच्या पत्राला उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतं.

एक तारखेपासून मी घरी आहे. गॅरिटीनं चहा देऊन सांगितलं. फार सौम्यपणे. म्हणाला, "नॉरिस, मला पक्ष्यांचं काही नाही. पण तू मला तीन तास त्या पक्ष्यांबद्दल सांगत होतास. तुझ्या वडिलांनी हिवाळ्यात कसे जगवले वगैरे. आता तू कुठल्याही कागदावर सही आणलीस तर मी ती उजेडाला धरून बघेन." बावीस वर्षं झाली मला तिथं.

तर झालं तुझ्या मनासारखं. काडी बरोबर जागी लागली.

कोरिनला मी अजून सगळं सांगितलेलं नाही. सकाळी कपडे करून बाहेर पडतो, ग्रंथालयात बसतो. तू तिला काही लिहू नकोस, एवढंच मागतो.

वाटणीचं: मला काहीही चालेल. मला त्या जमिनीचं तोंडही बघायचं नाही.

नॉरिस

*

होल्मडाल
२ फेब्रुवारी

नॉरिस,

तुझी नोकरी मी घालवली असं तुला म्हणायचं असेल तर म्हण. गॅरिटीनं तुला स्वच्छ सांगितलं ते कशामुळे, आणि तू पुन्हा माझ्याकडेच बोट दाखवतोस. माझ्या मनासारखं झालं असं लिहिताना हात कसा थांबला नाही? माझ्या मनासारखं काय झालंय ते ऐक.

दोन आठवडे उणे तीसच्या खाली आहे. मी बर्फातले जोडे घालून रोज दलदलीत जाते. तुझे नाकात भोक असलेले पहिल्याच वादळात मेले, उघड्यावर, वाऱ्याकडे शेपूट करून. पाणकणसात शिरायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांची मला कीव आली, हेही लिहून ठेवते. त्यांचा काय दोष.

पण आपले. आपले पाणकणसात शिरून बसलेले मिळतात, थिजलेले, डोळे सुजून बंद. दिसत नाही म्हणून खात नाहीत. माद्याही. मी पोत्यात गोळा करते, वेंडेल तेल ओतून जाळतो. हाइनर म्हणाले जाळाच, कोल्ह्या-कावळ्यांमार्फत आजार पुढे जाईल असं नाही, पण निरोगी पक्षी त्याच जागी बसायला नकोत. काल एक कोंबडा अजून जिवंत होता. माझ्या कोटात घेतला, तर शांत बसला. जंगली कोंबडा, नॉरिस, माणसाच्या कोटात शांत बसला. घरी येईपर्यंत मेला. मी अंगणात उभी राहून तुला शिव्या दिल्या, मोठ्यानं, नॉर्वेजियनमध्ये. आजोबा असते तर ते खूश झाले असते, माझे सगळे उच्चार बरोबर आले.

बॉडिन म्हणतो सिद्ध करा.

कोरिनला मी काही लिहिणार नाही. पण तू तिला सांग. बायकोला ग्रंथालयाचा वास कळतो, तुला काय वाटतं?

अर्डिस

*

मिनियापोलिस
११ मार्च

अर्डिस,

कोरिनला सांगितलं. तिला जानेवारीपासूनच माहीत होतं.

वकिलाला कागद करायला सांगितलेत. दलदल आणि झाडांची रांग तुझी, रस्त्याकडचा पट्टा माझा. मोजणीवाला एप्रिलमध्ये येईल. माझ्या पट्ट्यावर पक्षी सोडायला मी कुणालाही परवानगी दिलेली नाही आणि देणार नाही, हे त्यात घातलंय.

इकडे थंडी कमी होतेय. माझा घसा जरा बसला आहे, बाकी ठीक.

नॉरिस

*

होल्मडाल
२४ एप्रिल

नॉरिस,

घसा का बसला ते मला कळलं. वेंडेलनं सांगितलं, तू तेही माझ्यापासून लपवलंस. चांगली गोष्टसुद्धा तुला लपवूनच करता येते का?

मार्चच्या सुरुवातीला तू गावात येऊन गेलास, माझ्या दारावरून गेलास आणि थांबला नाहीस. सहकारी दुकानाच्या कॅफेत बॉडिन त्याच्या नेहमीच्या टेबलावर बसला होता. वेंडेल म्हणतो, तू कोटसुद्धा काढला नाहीस. सगळ्या गावासमोर म्हणालास, "ते पक्षी मी मागवले होते आणि तू आजारी पक्षी दिलेस. तुझ्या पिंजऱ्यांत तेव्हाच मरत होते, तुझ्या माणसानं मला सांगितलं." बॉडिन म्हणाला, "आवाज खाली घे." आणि तू घेतला नाहीस. वेंडेल म्हणतो, तुझा आवाज बाबांसारखा येत होता, फक्त बाबा इतक्या शिव्या देत नसत. शेवटी बॉडिनचाच माणूस उठून म्हणाला, "खरं आहे, डेल." मग बॉडिनला सिद्ध करा म्हणायला जागा राहिली नाही. त्यानं पिंजरे रिकामे केले. चांगुलपणानं नाही, त्याच्याकडे राहिलेले पक्षीही मेलेच होते. या वर्षी तो लॉज उघडत नाही असं ऐकते.

एवढं केलंस म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. "बघितलंय त्यांना" ते अजून तिथंच आहे. ते तू अजून परत घेतलेलं नाहीस. मला पत्रात ते नको आहे. पत्रात तुला फार छान लिहिता येतं.

पहाटे दलदलीवर जाते. कोंबडे आरवताहेत. गेल्या वसंतात जेवढे होते त्याच्या जवळपासही नाहीत, पण आहेत. एक उत्तरेकडे, एक झाडांच्या रांगेत, आणि एक असा की ज्याचा आवाज फाटका आहे, म्हणजे तरणा आहे. एक मादी दिसली, दोन्ही डोळे उघडे, माझ्याकडे बघून लगेच उडाली. किती बरं वाटलं सांगू, मला बघून कुणीतरी घाबरलं म्हणून. दोन वर्षं इथं कुणीही बंदूक घेऊन जाणार नाही. मी वेंडेलला सांगितलंय, आर्लोला सांगितलंय, आता तुला सांगते.

मोजणीवाला येऊन गेला. खुंट्या ठोकल्यात. सरळ रेघ आहे, कुठंही वाद काढायला जागा नाही. कुंपण घालायला हवं, नाहीतर तुझ्या पट्ट्याकडून कुणीही दलदलीत उतरेल. खांब मी आणून टाकलेत. वेंडेलची कंबर धरली आहे आणि आर्लो माझ्याशी अजून नीट बोलत नाही. एकटीनं तार ताणता येते, पण ती सरळ येत नाही.

शनिवारी सकाळी ये. कोरिनला आण. जेवायला ओव्हनमधलं बटाट्याचं कॅसरोल आणि आंबट रुबार्बचा केक आहे, जुनी भांडणं काढायची नाहीत असं काही मी ठरवलेलं नाही, काढणार आहे. जाड हातमोजे आण, तुझे हात आता मऊ पडले असतील.

अर्डिस